मैनाबाईचा आदर्श रक्तदाब

रक्तदाब मोजायचं यंत्र मी तब्येतीसाठी घेतलं, असा एक गैरसमज आमच्या श्रमसाफल्य अपार्टमेंटमध्ये आहे. तो मी दूर केलेला नाही. खरं कारण महादेवराव. हे आमचे समोरच्या दारातले शेजारी, भातकुली तालुक्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाने पुण्याहून बटण दाबलं की आकडा दाखवणारं मशीन पाठवलं आणि हे गृहस्थ रोज सकाळी गॅलरीत उभे राहून आपला आकडा अशा आवाजात वाचू लागले की अमरावतीच्या राजापेठेतल्या शिकवणीच्या पोरांनी तो वहीत उतरवून घ्यावा. मी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन पाऱ्याचं, लोखंडी पेटीचं, अस्सल डॉक्टरी मशीन घेऊन आलो. सोबत गळ्यात घालायची नळी. पेटीचं झाकण उघडलं की पाऱ्याची काच अशी ताठ उभी राहते की समोरच्या माणसाने आपोआप चप्पल बाहेर काढावी.

चालवता येतं का, हा प्रश्न आमच्या आशाबाईंनी, म्हणजे बायकोने, विचारला. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. सगळी नोकरी कालव्यातल्या पाण्याचा दाब नोंदवण्यात गेली. पाणी नसायचं, दाब मात्र वरून नियमित यायचा. अशा माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो.

आठवडाभरात बिल्डिंगची रांग लागली. आता आमच्या वऱ्हाडात घरी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय त्याच्याशी धड बोलताही येत नाही, तिथे त्याचा दंड आवळणं तर दूरच. म्हणून रीत अशी पडली: माणूस तीन मजले चढून यायचा (लिफ्ट आहे, पण ती बिल्डरने शोभेसाठी ठेवली आहे), धापा टाकत सोफ्यावर बसायचा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा सरकवायचा, त्यावर कडक चहा प्यायचा, कापसाचा भाव आणि शेतकऱ्यांचं पॅकेज या विषयांवर सरकारला शिव्या घालायचा आणि त्या रंगात आला की मी त्याच्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळायचो. पारा असा उसळायचा की बघत राहावं. बिल्डिंगमध्ये एक माणूस निरोगी निघेना. मी सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने कोपऱ्यावरच्या डॉक्टर कहकशाँकडे पाठवलं. लोक मला मान देऊ लागले. महादेवरावांचा आकडा तर मी इतका वर नेऊन ठेवला की त्यांनी गॅलरीत येणं सोडलं.

आणखी चार-पाच दिवसांनी डॉक्टर कहकशाँ स्वतःच वर आल्या. अमरावतीतच वाढलेली, अंगाने बारीक आणि आवाजाने जाड मुलगी. वडील अब्दुल रहीम यांचं कापडाचं दुकान, त्यामुळे माप चुकलेलं तिला खपत नाही.

"काका, तुमची सगळी बिल्डिंग माझ्या दवाखान्यात बसून आहे. सगळ्यांचं बीपी नॉर्मल. तुमी मोजून काय राहिले?"

"रक्तदाब."

"जी नाही. तुमी चहा मोजून राहिले. चहा, खर्रा आणि तीन मजले."

मग तिने आशाबाईंच्या देखत मला शिकवणी दिली. माणसाला आधी शांत बसू द्यायचं. अर्धा तास चहा-तंबाखू बंद. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही वर, दंड छातीच्या उंचीला. बोलायचं नाही आणि बोलवायचंही नाही. पट्टा फुगवून हळूहळू सोडला की नळीत पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा. ठोके नाहीसे होतात तो खालचा. मी ते सगळं पाठ केलं. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी माणूस असतो, एवढीच वैद्यकशास्त्राने दिलेली त्याच्या असण्याची खूण.

"तरी मी म्हणत होते," आशाबाई म्हणाल्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी 'आधी दाब, मग चहा' असा नियम केला. महादेवरावांनी तो मनाला लावून घेतला.

"म्हंजे आधी परीक्षा, मंग चाय? आमी काय पोरगी पाहाले आलो काय गा?" असं म्हणून ते उठून गेले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी बिल्डिंग गेली. आता मशीन होतं, विद्या होती, फक्त दंड नव्हता.

अशा वेळी मला मैनाबाई दिसली.

मैनाबाई आमच्याकडे भांडी-फरशीला येते. भातकुलीच्या पुढचं गाव. तिची आणि श्रावणची, म्हणजे नवऱ्याची, हयात दुसऱ्याच्या वावरात वेचणी-निंदणी करण्यात गेली. स्वतःच्या नावावर ढेकूळही नाही. त्या दुष्काळी वर्षांत वावरांचे मालकच ओट्यावर बसून आभाळाकडे पाहत होते, तिथे मजुराला कोण बोलावणार? म्हणून मैनाबाई पहाटे काळ्या-पिवळ्या जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अमरावतीला यायची आणि आमच्या जिन्यावर चढायची. आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्यांपैकी जिला आल्याबरोबर चहा दिला जात नाही अशी ही एकच व्यक्ती. तिचा चहा काम झाल्यावर, ओट्याजवळ, वेगळ्या कपात. त्यामुळे शास्त्रीय मोजणीला योग्य अशी बिल्डिंगमध्ये तीच उरली होती.

तिला खुर्चीवर बसवताना त्रास झाला. "भाऊ, मी खालीच बसतो ना," म्हणाली. शेवटी बसली. पारा हळूहळू उतरला. एकशे चार, सत्तर.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच. पुस्तकात छापावा असा आकडा. मी आनंदाने ओरडलो तसे महादेवराव रुसवा विसरून धावत आले. आकडा ऐकून त्यांनी तिथेच भाषण केलं.

"याले म्हनतात मेहनत! पाहा, तेल नाई, तूप नाई, टेन्शन नाई. आपन साले बसून खातो अन् बीपी वाढवतो. या बाईचा सत्कार झाला पायजे."

मग काय, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर श्रमसाफल्यच्या गच्चीवर 'आदर्श रक्तदाब' म्हणून मैनाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. पाहुण्या म्हणून डॉक्टर कहकशाँ. महादेवरावांनी श्रमाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली तेव्हा सत्कारमूर्ती आल्या नव्हत्या. श्रम वर्णन करून संपले तरी आल्या नाहीत. खाली पाहिलं तर मैनाबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी.

"काहून थांबली?" आशाबाईंनी वरून विचारलं.

"काई नाई बाई. रोजचंच हाय. दम घेऊन येतो."

लोक हसले. महादेवराव म्हणाले, "लाजून राहिली." डॉक्टर कहकशाँ मात्र हसली नाही. ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली, मैनाबाईचं मनगट धरून उभी राहिली, मग तिच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरेकडे पाहत राहिली. सत्कार राहिला बाजूला. दोघी थेट आमच्या बैठकीत आणि मैनाबाई आमच्या दिवाणावर. डाव्या कुशीवर वळवली. पंखा बंद, टीव्ही बंद, "सगळे गप बसा." श्रमसाफल्य अपार्टमेंट बांधल्यापासून पहिल्यांदा गप्प बसलं.

बराच वेळ ऐकून तिने नळी माझ्या कानात घातली. आधी एक ठोका, दारावर थाप मारावी तसा. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जिथे काहीच नसायला पाहिजे, तिथे लांबवरच्या चढाला लागलेल्या भरल्या ट्रकची घरघर.

"लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का?" कहकशाँने विचारलं.

"हाओ. आज गुडघा, उद्या कोपर. माय म्हने, वाढीचं दुखनं हाय."

"वाढीचं नाही, हृदयाचं होतं ते. रात्री आडवं झालं की दम लागतो?"

"उठून बसा लागते. छातीत मांजर बसल्यावानी होते. तुमाले कसं समजलं?"

माझी विद्या मला स्वस्थ बसू देईना. "पण बीपी तर उत्तम आहे," मी म्हणालो.

"काका, तुमच्याच खात्याच्या भाषेत सांगते. धरणाचं दार गंजून अर्धंच उघडते. खाली कालव्यात पाणी शांत चाललंय म्हणून तुमी खुश. वर पाणी किती तुंबलं ते कोण पाहील?"

नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारला असता तरी तो माझ्या टेबलाचा नव्हता.

उपाय होता. मांडीच्या शिरेतून तार नेऊन हृदयाच्या आखडलेल्या झडपेत छोटा फुगा फुगवायचा, दार मोकळं होतं. छाती फाडायची गरज नाही. मोठ्या दवाखान्यात होतं. "लवकर पाहिजे," कहकशाँ म्हणाली. "वर्षभर ही अशीच जिने चढली तर मग फुगाही काही करणार नाही." मैनाबाईने आशाबाईंना हळूच विचारलं, "फुगा? लेकरं फुगवते तो?" आणि तोंडाला पदर लावून हसली. मग महादेवरावांनी बैठकीतच उरकून दिलेल्या सत्काराचा नारळ तिने पिशवीत टाकला, शालीची घडी केली आणि उरलेली भांडी घासायला गेली.

त्या वर्षी नेमकं एक अभियान आलं होतं. कुणी आणलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण वऱ्हाडातल्या शेतीवाल्यांचा ताण मोजायचा आणि ज्याच्यात ताण निघेल त्याच्या हृदयाचा सगळा उपचार फुकट, असं त्याचं म्हणणं होतं. शेतकऱ्याला सातबारा लागणार होता. मजुराला सातबारा नसला तरी चालणार होतं. कहकशाँ आणि मी भातकुलीला चौकशीला गेलो. टेबलामागचे साहेब फार सभ्य होते. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, ताण पाहिजे. वरचा आकडा एकशे चाळीसच्या वर."

"पण पेशंटची झडप खराब आहे. बीपी वाढणारच नाही तिचं. हृदय बंद पडू शकते."

"हृदयाचा रकाना नाही हो आमच्याकडे. ताणाचा आहे." साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे केली. "आणि बंद पडलं तर त्याचं टेबल वेगळं आहे. तिथे वारस मदतीला पात्र की अपात्र ते पाहतात."

जिन्यातून उतरताना कहकशाँ उर्दूत काहीतरी म्हणाली. अर्थ मला कळला नाही, पण सुराचा दाब चांगला होता.

तेव्हा मैनाबाईचा जीव एका आकड्यावर येऊन अडकला. एकशे चारचे एकशे चाळीस करायचे. ही गोष्ट बिल्डिंगमध्ये फुटली आणि तिचा आदर्श दाब बिघडवण्यासाठी तेच लोक कामाला लागले ज्यांनी त्याचा सत्कार केला होता. लोणचं द्या, पापड द्या, मीठ घालून ताक द्या, असे सल्ले आले. कहकशाँने मीठ देणाऱ्याचे हात तोडण्याची भाषा केल्यामुळे तो मार्ग बंद झाला. "बाकी तुमी काय करता ते मला ऐकू येत नाही," असं म्हणून तिने नळी स्वतःच्या कानात घालून घेतली.

उरला मनस्ताप. त्यात आमची बिल्डिंग स्वयंपूर्ण आहे. आशाबाईंनी मैनाबाईशी भांडण काढायचं ठरवलं. कढईला काळं राहिलं म्हणून त्या ओरडायला गेल्या. पण इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे मैनाबाईला त्यात नवीन काही वाटलं नाही. मी मोजलं: एकशे दोन. ओरडणाऱ्या आशाबाईंचा एकशे साठ. मग महादेवरावांनी तिला घाबरवायचं काम अंगावर घेतलं. जीपा कशा उलटतात, पोलीस कसे उचलून नेतात, दवाखान्यात किडनी कशी काढून घेतात, सगळं हातवारे करून सांगितलं.

"भाऊ," मैनाबाई शांतपणे म्हणाली, "मले काहून भेवाडून राहिले? यातलं काई होवाचं राहिलं नाई. किडनीचंच नवं हाय. ते कुठी असते?"

एकशे चार, सत्तर.

शिबिराच्या दिवशी भातकुलीला जत्रा भरली होती. एकशे चाळीसाच्या पलीकडे गेलं की काहीतरी भेटते, एवढी बातमी गावोगाव पोचली होती. माणसं शाळेच्या मैदानाला पळत चकरा मारून, तोंडात खर्रा कोंबून, लाल डोळ्यांनी रांगेत उभी. मोजणारा कर्मचारी शर्टावरूनच पट्टा आवळत होता आणि प्रत्येकाला आधी चहा मिळत होता, अगदी माझ्या जुन्या पद्धतीने. मला भरून आलं.

मैनाबाईलाही चहा दिला. तिने बशीत ओतून प्यायला. मी देवाचं नाव घेतलं.

"एकशे सहा. निरोगी. पुढे चला बाई."

"अहो, पुन्हा मोजा," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मी..." मी मैनाबाईकडे बोट केलं. "मी यांच्याकडे राहतो. म्हणजे या आमच्याकडे येतात."

"मग रांगेत या."

मी आवाज चढवला. त्याने चढवला. मागून महादेवराव ओरडले की मी पाटबंधाऱ्यातला मोठा साहेब होतो, त्यावर रांगेतल्या एकाने कालव्याला पाणी कधी आलं होतं ते विचारलं, आणि मग बराच वेळ काही कळेनासं झालं. गर्दी शांत करायला कर्मचाऱ्याने मलाच खुर्चीवर दाबलं आणि पट्टा आवळला. एकशे ब्याऐंशी. माझ्या नावावर तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर आहेत. तलाठ्याला सातबारा द्यायला वेळ लागतो, पण निवृत्त तलाठी शेजारी असला की तो खिशातच असतो. दहा मिनिटांत मी तालुक्यातला तणावग्रस्त शेतकरी म्हणून पात्र ठरलो. माझ्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. फोटोत माझ्यामागे मैनाबाई दिसते. निरोगी.

मला उपचारासाठी अकोल्याला न्यायचं ठरलं. मी नकार देत होतो. कहकशाँने माझा दंड धरला.

"काका, पेशंटसोबत एक नातेवाईक फुकट आहे. समजलं?"

समजलं. अशा रीतीने मैनाबाई माझी नातेवाईक म्हणून गाडीत बसली. कहकशाँने एक चिठ्ठी तिच्या कनवटीला खोचून दिली.

अकोल्याला एका ट्रस्टचं मेडिकल कॉलेज आहे, असं धरून चाला. नाव सांगत नाही, कारण त्या ट्रस्टचे वकील आमच्याच गल्लीत राहतात. तिथे मला पलंग मिळाला आणि मैनाबाईला पलंगाखालची जागा. सकाळी मोठे सर आले, मागे पोरापोरींचा तांडा. सगळ्यांनी माझी छाती ऐकली. कुणाला काही सापडलं नाही. एवढा प्रवास करून आलेल्या माणसात काहीच नसावं याचं सरांना वाईट वाटलं. तेव्हा मी मैनाबाईला ढोसलं, तिने चिठ्ठी काढली, सरांनी ती कंटाळून वाचली आणि वाकून तिच्या छातीला नळी लावली.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सराफाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

"सगळे इकडे या," सर हळू आवाजात म्हणाले. "असा मर्मर आता पुस्तकातच राहिलाय. थाप ऐका. मग बारीक टक्. आणि मग घरघर. सुंदर!"

तासाभरात मैनाबाई पलंगावर आणि मी बाकावर; मी नातेवाईक झालो होतो. पोरं एकेक करून यायची, कूस वळवायला सांगायची, ऐकायची आणि खुश होऊन जायची. दोन पोरींनी तर वाकून नमस्कार केला.

"भाऊ," मैनाबाई संध्याकाळी म्हणाली, "कोनी मले कामच सांगून नाई राहिलं. नुस्तं झोप म्हनते."

मी सरांना गाठलं. "साहेब, तो फुगा..."

"करू की! नक्की करू, फुकट करू. मी शब्द देतो. फक्त पुढच्या महिन्यातली परीक्षा होऊ द्या. फुगा केला की आवाज जाईल ना. मग पोरं परीक्षा कशावर देणार?"

शब्द मिळाला म्हणून आम्ही आनंदाने परत आलो. कहकशाँ आनंदली नाही, पण एका महिन्याच्या गोळ्या दिल्या. परीक्षेला मैनाबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. सगळी पोरं पास झाली. एक सोडून. पीयूष नावाचा हा मुलगा ट्रस्टच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्याने मैनाबाईचा रक्तदाब मोजला, एकशे चार सत्तर पाहिला आणि 'हृदय निरोगी' असं सांगून मोकळा झाला. छातीला नळी लावायचीही तसदी घेतली नाही. बाहेरगावच्या परीक्षकाने त्याला नापास केलं. पोराचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. अशाच आकड्यावर आम्ही सत्कार केला होता आणि भातकुलीने शिक्का मारला होता.

फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. फुगा तोवर पुढे गेला.

"अध्यक्षांचा आग्रह आहे, हीच केस पाहिजे," सर म्हणाले. "पीयूषला आता हिच्या आवाजाचं उत्तर पाठ झालंय. दुसरा दिला तर पुन्हा घोटाळा."

हे मी मैनाबाईला ओट्याजवळ सांगितलं. ती भांडी घासायची थांबली. असं ती कधी करत नाही.

"म्हंजे माह्या छातीतला आवाज गेला तं त्या पोराची परीक्षा अडते?"

"हो."

"मंग मी परीक्षेले जातच नाई. आधी फुगा. सांगा त्याइले." राखेचा हात तिने छातीवर ठेवला. "माह्या नावावर वावर नाई, घर नाई. येवढा एक आवाज हाय. त्याच्यावर तरी माही मर्जी चालू द्या."

मी निरोप पोचवला. अकोल्यात हलकल्लोळ झाला. अध्यक्षांचा फोन आला, सरांचा आला, पीयूषच्या आईचा आला. पीयूष तर मिठाई घेऊन श्रमसाफल्यचे तीन मजले चढला आणि "मावशी, प्लीज," म्हणत ओट्याजवळ उभा राहिला. मैनाबाईने त्याला बसायला पाट दिला, चहाही करून दिला, आणि म्हणाली, "लेका, तुह्या परीक्षेचं वाईट वाटते. पन आधी फुगा." त्या आठवड्यात आम्हाला सगळ्यांना वाटलं की हे होणार. बिल्डिंगमध्ये तिचा दरारा वाढला. महादेवराव तिला 'मैनाताई' म्हणू लागले.

पण तिढा सुटेना. फुगा केला तर पीयूष नापास, नाही केला तर मैनाबाई परीक्षेला येत नाही. शेवटी सर मला म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय करू?"

खात्यात असताना मी अशा तिढ्यांवर तोडगे काढण्यासाठी प्रसिद्ध होतो. मी सरळ विचार केला: दुसरा आवाज मिळाला की हिची सुटका.

"सर, एवढ्या मुलखात असा आवाज काय हिच्या एकटीच्याच छातीत आहे? शोधा की. पीयूषला नवा पाठ करू द्या, आणि हिला मोकळं करा."

सर माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिले. पुढच्याच आठवड्यात ट्रस्टची गाडी भातकुलीकडच्या गावांत गेली. या वेळी दाब मोजला नाही. नुसत्या छात्या ऐकल्या. कुणी कधी ऐकल्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्याच गावात तीन निघाल्या. दुसऱ्या गावात दोन. वेचणीच्या बाया, विटाभट्टीवरची एक, एक तर नुकतंच लग्न झालेली पोरगी, पायल नावाची. तिचा आवाज मैनाबाईपेक्षाही खणखणीत, असं सर म्हणाले. संध्याकाळपर्यंत इतक्या झाल्या की सरांना निवडून घ्याव्या लागल्या.

मी फोन केला. "सर, मग आता मैनाबाईचा फुगा?"

"हो हो, नंबर लावलाय ना. त्यांना म्हणावं आता परीक्षेला यायची गरज नाही. कळवू."

"आणि पायल वगैरे?"

"त्यांचं फेरपरीक्षेनंतर."

डॉक्टर कहकशाँला हे सांगायला गेलो तेव्हा ती दवाखाना बंद करत होती. ऐकून तिने शटर अर्ध्यावरच सोडलं.

"काका," ती म्हणाली, "तुमी चहा मोजत होते तेच बरं होतं."

मैनाबाईला मी तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "भाऊ, समजलं मले. पायल आमच्याच गावची हाय." वेचणीत उमर गेलेली बाई, तिला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. "आवक वाढली नं भाऊ. आता भाव कुठचा भेटते?" आणि कढई उपडी घातली.

पीयूष पास झाला. पेढे आले. कहकशाँ अजून अर्ज करते, गोळ्या देते, अकोल्याला फोन करते. तिकडे नंबर लावलेलाच असतो. बिल्डिंगने मात्र हात वर केले असं कुणी म्हणू नये. सर्वसाधारण सभेत या विषयावर गंभीर चर्चा झाली. लिफ्ट दुरुस्त करावी अशी एक सूचना होती, ती पुढच्या सभेवर गेली. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे मैनाबाई दम घ्यायला थांबते, तिथे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवण्यात आली. खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात लिहिलं आहे: महादेवराव यांजकडून सप्रेम भेट.

मैनाबाई रोज तिथे बसते. पहिल्यांदा थोडा वेळ बसायची, हल्ली जास्त. मी पेटी घेऊन तिथेच उतरतो, कारण मोजायला ती जागा शास्त्रीय आहे: माणूस शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, चहा दिलेला नाही.

"किती हाय हो आज?" महादेवराव वरून, कठड्यावर वाकून विचारतात.

मैनाबाई तोंड उघडं ठेवून श्वास घेत असते, त्यामुळे मलाच सांगावं लागतं.

"एकशे चार, सत्तर."

"वा!" महादेवराव म्हणतात. "याले म्हनतात मेहनत."